काला अंबला गेलेल्या दोन बस

…तर त्या तिघी मावश्यांनी कुतुबमिनारच्या आवारात हिरवळीवर जी बसकण मारली, त्या काही केल्या उठेचनात. काल गोष्ट इथवर आली आणि पानं वाढल्याची हाक आली, म्हणून मिनार तसाच उभा राहिला. असो. तो शेकडो वर्षं उभाच आहे, एका रात्रीनं त्याचं काय बिघडतंय!

लतिका त्यांच्यासमोर उभी. एका खांद्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, दुसऱ्या खांद्याला सरोजिनी नगरच्या बाजारात घेतलेले स्वेटर, आणि हातात थोरल्या मावशींनी 'दिल्लीची आठवण' म्हणून विकत घेतलेला पितळी तांब्या. तसले तांबे सोलापुरात कुठल्याही गल्लीत मिळतात, पण सांगणार कोण! मावश्या सुधाकरच्या, म्हणजे लतिकेच्या नवऱ्याच्या, गावाकडच्या. नात्यानं नेमक्या कोण, हे त्या परत जाईपर्यंत तिला कळलं नाही. विचारायची सोयही नव्हती, कारण आल्याआल्या त्यांनी तिच्या हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी ठेवली होती.

"मावशी, उठा हो. जवळून बघा तरी."

"बघितला की. उंच आहे," थोरली म्हणाली. "तूच सांग बाई काहीतरी. तू सांगितलंस म्हणजे बघितल्यासारखं वाटतं."

लतिकेच्या कपाळाला आठी पडली. घरी कणीक भिजवायची राहिली होती, शिवांगीची, म्हणजे लेकीची, बारावीची शिकवणी होती, आणि इथे या बायका दिल्लीला येऊन हिरवळ बघत बसल्या होत्या. पण तोंडानं ती बोलून गेली, "बरं, मला एवढं सांगा. हा मिनार बांधायचं काम वर, अगदी टोकाला चाललं असेल, तेव्हा गवंडी दुपारी जेवायला खाली येत असेल का?"

तिघी मावश्या एकदम जाग्या झाल्या.

"छे, वरच खात असणार. एकदा खाली आला की परत कोण चढतंय!"

"मग पाणी?"

"पाणी कुणीतरी वर नेत असणार."

"कुणी नेत असेल? कुठून? दार कुठेय मिनाराला?"

आणि काय सांगावं, गुडघे धरून बसलेल्या त्या बायका उठल्या आणि मिनाराला दार शोधायला तरातरा निघाल्या. दार सापडलं, दाराला कुलूप सापडलं, आत जिना आहे हे कळलं, मग तो पाणी नेणारा माणूस लतिकेनं असा काही उभा केला की धाकट्या मावशीला त्याच्या पाठीचीच काळजी लागली.

हे सगळं काळा चष्मा लावलेली एक मुलगी बाजूला उभी राहून ऐकत होती. जीनची पँट, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. पुढे येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही मराठी! किती छान सांगता. कुठल्या कंपनीकडून आहात?"

"कंपनी? आम्ही लक्ष्मीबाई नगरात राहतो."

"नाही, म्हणजे गाईड म्हणून कुणाकडे काम करता?"

"मी घरी असते," लतिका म्हणाली, आणि हातातला तांब्या फरशीवर असा वाजला की लांबचे परदेशी पाहुणेसुद्धा वळून बघू लागले.

मुलीचं नाव रुचिता. पुण्याची. तिकडे गुडगावला, आता ज्याला गुरुग्राम म्हणतात तिथे, एका नव्या प्रवास कंपनीत गाईड निवडायचं तिचं काम. तिनं छापील कार्ड दिलं. लतिकेनं ते स्वेटरच्या पिशवीत टाकलं. ते परत सापडलं ते मावश्यांची गाडी सुटता सुटता, म्हणजे जवळजवळ सोलापूरलाच जायचं ते.

आता लतिका कोण, ते सांगायला हवं. दादरची मुलगी. इतिहास घेऊन बी.ए. झालेली, पहिल्या वर्गात. पुढे शिकून कॉलेजात शिकवायचं हे तिनं ठरवलेलं, घरच्यांनीही ठरवलेलं, फक्त सुधाकरचं स्थळ त्याआधी आलं. केंद्र सरकारची नोकरी, दिल्लीला सरकारी क्वार्टर. सगळे म्हणाले, दिल्लीला काय कॉलेजं नाहीत? कॉलेजं होती. पण पहिल्या महिन्यात सासऱ्यांचे मित्र आले, दुसऱ्या महिन्यात नणंदेच्या सासरचे, आणि तिसऱ्या महिन्यापासून लक्ष्मीबाई नगरातलं ते दोन खोल्यांचं घर अख्ख्या तालुक्याला पाठ झालं. कुणी मंत्रालयात काम घेऊन, कुणी मुलाच्या परीक्षेला, कुणी हरिद्वारला जाता जाता, कुणी येता येता. सुधाकरचा एक चुलत चुलत भाऊ हणमंत, तो 'दोन दिवस' म्हणून मुलाखतीला आला आणि आंब्याचा मोसम संपल्यावर गेला. जाताना म्हणाला, वहिनी, तुमच्याकडे आंबे काही खास नाहीत.

आणि येणारा प्रत्येक जण ज्वारीचं पीठ घेऊन यायचा. दिल्लीत गव्हाचं राज्य, भाकरी मिळायची नाही, सुधाकर भाकरीवाचून वाळला असेल ही तालुक्याची समजूत. सुधाकर मजेत छोले-भटुरे खायचा. लतिका तर भाताची. डबे भरले, पिंपं भरली, पीठ कडू पडायचं, किडे व्हायचे, तरी पिशव्या येतच होत्या. आणि ज्याचं पीठ घेतलं त्याला नाही म्हणता येत नाही, हा त्या घराचा न लिहिलेला कायदा. एकदा लतिका वैतागून म्हणाली होती, "हे पीठ नाही, हा समन्स आहे!" सुधाकर हसला होता. तो सगळ्यालाच हसायचा. भला माणूस. इतका भला की त्याच्यावर नीट रागावताही येत नसे. त्याचाच जास्त राग यायचा.

एवढं मात्र झालं, की पाहुण्यांना हिंडवता हिंडवता लतिकेला दिल्ली तोंडपाठ झाली. आणि दिल्लीबाहेरची एक जागाही. काला अंब.

पानिपतच्या पलीकडे शेतातली ती जागा. कुंपण, बाग, एक खांब, बस्स. दर संक्रांतीला महाराष्ट्रातून माणसं येतात, नमस्कार करतात. पण जागेवर बघायचं असं काही नाही. सांगणारं कुणी असेल तर सगळं आहे, नाहीतर खांब आहे. लतिका सांगायची. धुक्यातली ती सकाळ, किती दिवस पोटात अन्न नसलेले शिपाई, चारा संपलेली जनावरं. तिच्या आवाजानं म्हातारी माणसं डोळे टिपायची.

पण एक गंमत होती. लतिकेला ती गंमत वाटत नसे. इतक्या वर्षांत तिनं ती गोष्ट शेवटपर्यंत एकदाही सांगितली नव्हती. सकाळची लढाई व्हायची, दुपारपर्यंत आपल्या लोकांची सरशी व्हायची, आणि तेवढ्यात कुणालातरी चिवडा लागायचा. कुणाची गोळी राहायची. कुणी विचारायचं, "इथे जवळपास सोय आहे का गं?" मग लतिका पिशव्या उचकत बसायची, बाजार बसमध्ये चढायचा, आणि ती लढाई दुपारच्या दोनला तशीच टांगलेली राहायची. पुढच्या वर्षी पुन्हा पहाटेपासून.

तर रुचितेचं कार्ड. लतिका गुडगावला गेली. नवऱ्याला फक्त 'जरा काम आहे' म्हणाली. तेव्हाचं गुडगाव म्हणजे काय, धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं, आणि शेतात मधेच ही काचेची इमारत, जणू कुणाची तरी ट्रंक रस्त्यात उतरवून ठेवली आणि न्यायला विसरले. बाहेर म्हशी, आत थंडगार हवा. थंडीच्या दिवसांत थंड हवेचं यंत्र कशाला लावतात, हे लतिकेला कळेना.

रुचितेनं चहा पाजला, दिल्लीबद्दल दहा गोष्टी विचारल्या, लतिकेनं वीस सांगितल्या. मग त्या पोरीनं पेन उचललं आणि विचारलं, "ताई, पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाच वर्षांनी तुम्हाला कोण व्हायचंय?"

लतिकेनं भिंतीकडे बघितलं. काचेकडे बघितलं. बाहेर म्हैस रवंथ करत होती, तिच्याकडे बघितलं. "पाच वर्षांनी..." ती म्हणाली, "शिवांगीचं शिक्षण झालेलं असेल. ह्यांना प्रमोशन मिळालेलं असेल."

"ते त्यांचं झालं. तुमचं?"

"माझं काय? मी इथेच असेन की."

"इथेच म्हणजे कुठे, ताई?"

आता या प्रश्नाला काय म्हणायचं! आपल्याकडे वय विचारतात, पगार विचारतात, मुलं किती ते विचारतात, पण हे असलं काही चांगल्या माणसांत कुणी विचारतं? लतिकेची कानशिलं गरम झाली. रुचिता हसली. म्हणाली, "राहू द्या. हे उत्तर आमच्या हेड ऑफिसला लागतंच, पण नंतर द्या. संक्रांतीला गुडगावच्या कंपन्यांतली आपली मराठी मुलं काला अंबला जायचं म्हणताहेत. एक बस आहे. तुम्ही न्या. तीच तुमची परीक्षा. मी सोबत येईन. बोला, जमेल?"

"जमेल," लतिका म्हणाली. हा शब्द तिनं इतक्या वर्षांत कुणासाठी म्हटला नव्हता असं नाही, पण स्वतःसाठी बहुधा पहिल्यांदाच म्हटला. येताना बसमध्ये ती स्वतःशीच हसत होती. बाजूच्या सरदारजींनी बॅग पोटाशी धरली.

आणि त्याच संध्याकाळी तात्यारावांचा फोन आला.

तात्याराव म्हणजे सुधाकरचे सख्खे मामा. बाजार समितीत जन्म घालवलेला माणूस, त्यामुळे फोनवरसुद्धा लिलावाच्या आवाजात बोलायचे. "सूनबाई! यंदा संक्रांतीला येतोय गं! बसभर माणसं आहेत! सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमच्या सूनबाईच्या तोंडून पानिपत ऐकायचं! काय?"

"या की मामा. अवश्य या," लतिका म्हणाली.

फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. "हे तोंड माझं नाहीच! कुणीतरी भाड्यानं ठेवलंय इथे!"

शिवांगी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आई, यार, तू पण ना. सीधा 'नाही' म्हणायचं."

"तू म्हण. लाव फोन, म्हण तात्यामामांना नाही."

"मी का म्हणू? माझे थोडीच आहेत. पापांचे आहेत."

पापा घरी आले, सगळं ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, पण दोघांनाही काला अंबलाच जायचंय ना? मग अडचण कुठेय? दोन बस एकामागे एक. ऑफिसात दोन फायली एकाच विषयावरच्या असल्या की आम्ही जोडून टाकतो."

"मी फाईल नाहीये."

"तसं नाही गं. तू एकदाच सांगायचं, दोघांनी ऐकायचं. कष्ट वाचले."

आणि खरी पंचाईत इथे होती, की यात चूक काय ते लतिकेला सांगता येईना. नोकरी दुसरीकडे असती, आग्र्याला असती, तर भांडून जाता आलं असतं. इथे जागा तीच, दिवस तोच, गोष्टही तीच. तिला फक्त एवढं दिसत होतं, की ती रुचितेसमोर उभी आहे, दुपारची लढाई रंगात आली आहे, आणि मागून आवाज येतोय, सूनबाई, चिवडा.

ती तो प्रश्न घेऊन घरभर फिरायला लागली. भांडी घासताना नवऱ्याला विचारलं, "अहो, पाच वर्षांनी तुम्हाला कोण व्हायचंय?" सुधाकर म्हणाला, "अंडर सेक्रेटरी. मग टाइप फोरचं क्वार्टर. मग तिथे एक जास्त बेडरूम, पाहुण्यांना." शिवांगीला विचारलं. "अमेरिकेत, बिल्कुल. सॉफ्टवेअर." दूधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "बहनजी, नोएडा में प्लॉट." सगळ्यांना माहीत होतं! अख्ख्या दिल्लीला आपण कोण होणार ते पाठ होतं. दुकानांच्या पाट्या बदलत होत्या, पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला रांगा लावत होती, शेजारच्या घरची मुलगी विमानात हवाईसुंदरी व्हायला निघाली होती, आणि लतिका एकटी पिठाच्या डब्यातले किडे निवडत बसली होती. तिनं डबा आपटला. पीठ उडालं. ते झाडायलाही तिलाच लागलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तात्याराव आले. टोप्या, कानटोप्या, मफलर, वळकट्या. टेंटवाल्याकडून भाड्यानं आणलेल्या रजया दारापर्यंत अंथरल्या गेल्या. पलीकडच्या क्वार्टरमधल्या सरला जोशींनी काही माणसं झोपायला घेतली, बाकीची इथेच. स्वयंपाकघरात पिठाच्या पिशव्यांचा ढीग लागला. तात्यारावांच्या बायकोनं, विजयालक्ष्मी मामींनी, आल्याआल्या पदर खोचला आणि भाकऱ्या थापायला बसल्या. लतिका तव्यावर उलटत होती. एका भाकरीच्या वेळी सांगू, दुसऱ्या भाकरीच्या वेळी सांगू, असं करता करता पंगत बसली.

तात्याराव कोशिंबीर कालवत मंडळींना सांगत होते, "उद्या बघा तुम्ही! तो खांब म्हणजे काय, खांबच. पण आमची सूनबाई सांगायला लागली की खांबातून घोडी निघतात! हिच्याशिवाय तिथे बघायला काय आहे?"

लतिकेचा हात थांबला. "मामा," ती म्हणाली, "उद्या मी तुमच्याबरोबर नाही."

"बरं नाही का?"

"बरी आहे. उद्या मला काम आहे. मी तिथेच येणार आहे, पण दुसऱ्या बसमधून. दुसऱ्या लोकांना दाखवायला."

पंगतीत कुणीतरी ठसकलं.

"दुसरे म्हणजे कोण?"

"कंपनीची माणसं. नोकरीची परीक्षा आहे माझी."

तात्यारावांनी आधी सुधाकरकडे बघितलं. "का रे, सुधाकर, सरकार पगार देत नाही का तुला?" मग लतिकेकडे. "म्हणजे तू तिथेच असणार, आमच्या डोळ्यांसमोर, आणि आमची नसणार? हे कसलं गं? कंपनीच्या पोरांना सांगायचं आणि आम्ही लांबून कान टवकारायचे?"

"मामा, तसं नाही..." असं म्हणून लतिका अडली. समोर चुलीपाशी असल्यासारख्या मामी बसलेल्या, ताटात त्यांनी आणलेल्या पिठाची भाकरी, आणि सगळ्या कानटोप्या तिच्याकडे वळलेल्या. तोंड पुन्हा भाड्याच्या माणसाच्या ताब्यात जायला लागलं होतं. "बरं, असं करते..." ती म्हणायला लागली.

"असंबिसं काही करू नकोस," विजयालक्ष्मी मामी म्हणाल्या. भाकरी थापताना त्यांनी मान वर केली नव्हती. "इतक्या वेळा आले, पण पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही. दरवेळी अर्ध्यात ह्यांना चहा लागतो."

"मला?" तात्याराव उसळले. "मी कधी..."

"गेल्या वर्षी. त्याच्या आधल्या वर्षी. आणि त्याच्याही."

तात्यारावांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला आणि कोशिंबिरीत बुडवून तोंडात कोंबला. हात धुवायला उठताना एवढंच म्हणाले, "सुधाकर सांगेल आम्हाला. शिकलेला आहे."

लतिकेनं सुधाकरकडे बघितलं. त्यानं हसून मान डोलावली. भला माणूस, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी धुकं असं, की वाटेतल्या मुरथळपर्यंत ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून गाडी चालवली. लतिका पुढच्या सीटवर. मागे गुडगावची पोरंपोरी, डोळे झोपेनं जड, दोघांच्या हातात ते नवे मोबाईल फोन. त्यातला एक जण, साकेत नावाचा, सारखा ओरडत होता, "हॅलो? हॅलो? यार, टॉवरच नाहीये!" तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा लतिका उठली. पाहुण्यांना इतकी वर्षं हाताळलेली बाई ती. "अरे बाळा, ज्याच्याशी बोलायचंय तो अंथरुणात आहे. तुझा तो खिशात ठेव आणि मला सांग, पाच दिवस उपाशी असलास आणि पहाटे कुणी लढायला चल म्हणालं, तर तू आधी काय शोधशील?"

"ब्रेकफास्ट, मॅडम."

"नव्हता. मग?"

बस हसली आणि जागी झाली. रुचितेनं कागदावर काहीतरी लिहिलं.

काला अंबला पोचले तर धुक्यातून खांब नुसता सावलीसारखा. लतिकेनं सगळ्यांना गवतावर अर्धगोलात उभं केलं. सोय कुठे आहे ते आधीच सांगून टाकलं, पाण्याच्या बाटल्या हातात दिल्या, म्हणजे मधे कुणाला काही लागायला नको. हे शहाणपण कुठून आलं असेल ते काय सांगायला हवं! आणि सुरुवात केली.

जरा वेळानं दुसरी बस आली. कानटोप्या उतरल्या. तात्यारावांनी लतिकेकडे पाठ करून आपली माणसं खांबाच्या पलीकडे उभी केली. सुधाकरनं खिशातून घडी केलेला कागद काढला, चष्मा लावला आणि वाचायला लागला, "सदर लढाई ही दिनांक चौदा जानेवारी रोजी झाली असून, तिची कारणे पुढीलप्रमाणे आहेत. कारण एक..." ऑफिसात टिपण लिहायची सवय हो, दुसरं काय. दुसऱ्या कारणाला मंडळी खांबाभोवती फिरायला लागली. तिसऱ्या कारणाला दोघं जण उन्हाचा कवडसा शोधत निघाले, आणि शोधता शोधता लतिकेच्या अर्धगोलामागे येऊन उभे राहिले. मग अजून चार. मग विजयालक्ष्मी मामी, शाल घट्ट लपेटून, थेट पहिल्या रांगेत, साकेतच्या शेजारी.

लतिकेनं बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं. दुपार झाली होती. म्हणजे गोष्टीतली दुपार. तिथवर ती नेहमीच यायची. आज ती दोन पावलं पुढे गेली.

"आता ऐका," ती म्हणाली. "फौजेबरोबर कोण होतं माहितीये? नुसते शिपाई नव्हते. यात्रेकरू होते. घरातली बायकापोरं, म्हातारी माणसं. उत्तरेत फौज चाललीच आहे, तर बरोबर तीर्थं करून येऊ म्हणून निघालेले. त्यांना कुणी नाही म्हटलं नाही. त्यांना सांभाळायचं, त्यांना खायला घालायचं, त्यांना मागे सोडायचं नाही. आणि समोर लढाई. अशी फौज..."

"सूनबाई!"

खांबाच्या पलीकडून लिलावाचा आवाज आला. सुधाकरचं वाचन थांबलं. श्रोत्यांत उरलेले एकटे तात्याराव, मफलर सोडून, हात कमरेवर. "सूनबाई! अगं, चहाचा थर्मास कुठे ठेवलास? थंडीनं दात वाजायला लागलेत! आणि इकडे ये, आम्हाला पहिल्यापासून सांग, ह्या सुधाकरचं काही कळत नाही!"

गुडगावची पोरं वळली. रुचितेनं पेन थांबवलं आणि लतिकेकडे बघितलं. सुधाकरनं कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मामी कुणाकडेच बघत नव्हत्या, त्या खांबाकडे बघत होत्या. आणि लतिकेचा हात सवयीनं पिशवीकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि परत आला. मग ती बोलली, मोठ्यानं, त्या धुक्यात पार कुंपणापर्यंत ऐकू जाईल असं:

"मामा, थर्मास तुमच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटमागे आहे, शिवांगीच्या लाल शालीत गुंडाळलेला, आणि झाकण नीट लावा, गेल्या वर्षी सगळी बॅग भिजली होती. चहा तुमच्या भाच्याला ओतता येतो. पहिल्यापासून आता मी कुणालाच सांगणार नाही, ज्याला ऐकायचंय त्यानं इथे मागे येऊन गप्प उभं राहायचं. आणि रुचिता, ते पाच वर्षांचं विचारत होतीस ना, लिहून घे तुझ्या हेड ऑफिसला: पाच वर्षांनी मी इथेच असेन, ह्याच खांबापाशी, आणि मधे कुणी हाक मारली तर वळणार नाही. हं. तर यात्रेकरू."